तांदळात लिहिलेल्या नावाला कागद कुठला?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मतदार यादीत राहायचं तर नागरिकत्वाचा पुरावा दाखवा, ही मागणी आपल्याकडे आणि परदेशातही जोर धरते आहे. मी करवीर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं शिकवलं. त्यातली 12 वर्षं बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारी अधिकारी म्हणून घरोघर फिरले. त्या अनुभवावर हे लिहिते आहे.

मतदार नागरिकच असला पाहिजे, याबद्दल वाद नाही. घटनेचं कलम 326 तेच सांगतं. यादी साफ व्हावी हेही खरं. मयतांची आणि दुबार नावं नमुना 7 भरून मी स्वतः कमी करून घेतली आहेत. माझा प्रश्न एवढाच आहे, की जी बाई पन्नास वर्षं मतदान करत आली तिनं आता आपण इथल्याच आहोत हे कशाच्या आधारावर सिद्ध करायचं?

आमच्या आईचं उदाहरण सांगते. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव आक्काताई, जन्मतारीख 1 जून. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची तीच तारीख. जून महिन्यात शाळा भरायची, गुरुजी अंदाजानं वय धरून 1 जून लिहून टाकायचे. जुन्या जनरल रजिस्टरची पानं उलटली की ओळीनं 1 जूनच दिसतात. 1964 मध्ये लग्न झालं. ताटात तांदूळ पसरून आमच्या वडिलांनी अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, सुमन. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही एका दिवसात बदललं. राजपत्र नाही, नोंदणी नाही. तांदूळ गोळा केले आणि झालं.

त्यानंतर प्रत्येक निवडणुकीत सुमन म्हणून तिनं मत दिलं. मामा वारले तेव्हा शेतीच्या कागदावर तिची सही लागली. तिला हिस्सा नको होता, हक्कसोड करून द्यायचं होतं. पण सातबाऱ्यावर आक्काताई, ओळखपत्रावर सुमन. त्या कामासाठी सरकारी कार्यालयात आम्ही अकरा हेलपाटे घातले. लग्नपत्रिका कुणी जपून ठेवली नव्हती, माहेरचे जुने शेजारी उरले नव्हते. शेवटी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र केलं, तेव्हा कुठं काम झालं. मी शिकलेली लेक बरोबर होते, रिक्षाला पैसे होते, म्हणून झालं.

2019 च्या महापुरानंतर विधानसभेची निवडणूक आली. यादी घेऊन प्रयाग चिखलीत गेले, तर एका घरात आजी पत्र्याची ट्रंक उघडून बसलेल्या. आतले कागद भिजून, वाळून एकमेकांना चिकटलेले, रेशनकार्डाची शाई शेजारच्या बिलावर उमटलेली. चोळीच्या पिनेनं त्या एकेक पापुद्रा सोडवत होत्या. मला बघून म्हणाल्या, "बाई, म्हायारचं काय बी न्हाई ऱ्हायलं आता. मत तरी ऱ्हाईल न्हवं?" यादीत त्यांचं नाव होतं. मी खूण केली, पुढच्या घरी गेले. त्या दिवशी तेवढं पुरेसं होतं.

बिहारमध्ये 2025 साली मतदार यादीची विशेष सखोल फेरतपासणी झाली, तेव्हा तेवढं पुरेसं राहिलं नाही. ज्यांचं नाव 2003 च्या यादीत नव्हतं त्यांना ठरावीक 11 प्रकारच्या कागदांपैकी काहीतरी दाखवायला सांगितलं. 1 जुलै 1987 नंतर जन्मलेल्यांना आई किंवा वडिलांचा, 2 डिसेंबर 2004 नंतर जन्मलेल्यांना दोघांचाही. म्हणजे आईच्या नावातला घोळ लेकराच्या माथी. 7.89 कोटींच्या यादीतून मसुद्यात सुमारे 65 लाख नावं कमी झाली. त्यात मयत, दुबार आणि गाव सोडून गेलेले बरेच असतील. पण कुणाचं नाव का गेलं हे जाहीर करा, असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, आणि आधार स्वीकारा असंही न्यायालयानंच सप्टेंबरमध्ये सांगितलं. वगळलेल्यांची ही यादी कारणांसकट आपणहून का लावली गेली नाही?

बायकांच्या नावाचा हा घोळ जुनाच आहे. पहिल्या निवडणुकीच्या वेळी सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून गेली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं होतं.

अमेरिकेत कॅन्सस राज्यानं 2013 पासून मतदार नोंदणीला नागरिकत्वाचा कागद सक्तीचा केला. 31 हजारांवर लोकांची नोंदणी त्यामुळं अडली. न्यायालयात तपासलं तेव्हा 1999 पासून यादीत शिरलेले बिगरनागरिक निघाले फार तर 39. न्यायालयानं 2018 मध्ये तो नियम रद्द केला. तरी तशीच सक्ती देशभर करणारं विधेयक त्यांच्या प्रतिनिधिगृहानं एप्रिल 2025 मध्ये 220 विरुद्ध 208 मतांनी मंजूर केलं. तिथंही जन्मदाखल्यावर माहेरचं नाव आणि ओळखपत्रावर सासरचं नाव असलेल्या बायकांचं काय, हाच प्रश्न विचारला जातो आहे. वाचताना मला आमची आईच दिसली.

आपल्या कायद्यात याची सोय आधीपासून आहे. नवं नाव नोंदवताना नमुना 6 वर आपण नागरिक असल्याचं लिहून द्यावं लागतं, आणि ते खोटं निघालं तर शिक्षा आहे. यादीत असलेला माणूस हक्कदार नाही असं म्हणून नाव काढायचं तर आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, हेही 1950 च्या कायद्यात लिहिलेलं आहे. संशय असेल तर शासनानं शोधावं. कुणबी नोंदी शोधायच्या ठरल्या तेव्हा 2023 मध्ये कचेऱ्यांतली मोडी दप्तरं बाहेर निघाली, वाचायला जाणकार बसवले गेले. शाळांची रजिस्टरं शासनाकडेच आहेत. आक्काताई आणि सुमन एकच आहेत हे जुळवायचं काम ऐंशीकडे झुकलेल्या बाईवर का टाकायचं? आपल्याकडे अशी तपासणी होईल तेव्हा माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं लिहायला अर्जातच जागा ठेवावी आणि गावातल्या दोन मतदारांची साक्ष पुरावा म्हणून धरावी, अशी माझी निवडणूक आयोगाला कळकळीची विनंती आहे. आणि बीएलओचं काम करणाऱ्या शिक्षिका, अंगणवाडी सेविका यांना वेळ द्यावा. महिन्याभरात हजार घरं धावत केली की चुका होतात, त्या माझ्याही हातून झाल्या आहेत.

आईनं ते प्रतिज्ञापत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराच्या खणात ठेवलं आहे. गेल्या वेळी मतदानाला निघताना तिनं मला विचारलं, "ते नावाचं घेऊ का गं बरोबर?"

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, कोल्हापूर