फिल्टरच्या ट्रेमध्ये काय घालायचं

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, माशांच्या टाकीवर बसणाऱ्या टॉप फिल्टरच्या ट्रेमध्ये घालायला सिरॅमिक रिंगा (बारीक छिद्रांच्या चिनीमातीच्या नळ्या) घ्यायचं तुमच्या मनात आहे, पण एवढ्यात घेऊ नका. दोन फुटी टाकी आणि दोन गोल्डफिश, एवढ्यासाठी तो खर्च नको. त्याहून चांगलं काम स्वस्तात होतं.

फिल्टर फक्त कचरा अडवायला नसतो. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया येतो आणि त्याने कल्ले भाजतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. नायट्राइटही घातक असतं. नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू कशाला तरी चिकटून वाढतात आणि त्यांना प्राणवायू असलेलं वाहतं पाणी लागतं.

रिंगांच्या पाकिटावर जे प्रचंड क्षेत्रफळ छापतात, ते आतल्या बारीक छिद्रांचं असतं. त्या छिद्रांतून पाणी वाहत नाही आणि गाळाने त्यांची तोंडंही बुजतात. मग जिवाणू काम करतात ते रिंगेच्या बाहेरच्या थरावर. स्पंजात मात्र पाणी धाग्याधाग्याला लागून जातं, म्हणून माझा कौल स्पंजालाच.

मत्स्यालयाच्या दुकानात फिल्टरचा स्पंज मागा, इंचाला 20 ते 30 छिद्रांचा. तोंड लावून फुंकलं तर हवा सहज पार गेली पाहिजे. गादीचा फोम नको, तो तुंबतो आणि त्यात कसली रसायनं असतील सांगता येत नाही. सोबत भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळीदार घासण्या आणा, सहा-आठ पुरतील. नव्या, साबण न लावलेल्या. तारेची घासणी अजिबात नको, ती गंजते. आई, अंगणातल्या कौलाचे तुकडेही चालतील, पण त्यांना चुना-सिमेंट लागलेलं नको. त्याने पाणी अल्कधर्मी होतं आणि अशा पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो. आपला काळा दगड मात्र फार घट्ट, त्याचा इथे उपयोग नाही.

पंपाचं पाणी पडतं तिथे सर्वांत वर पांढरा फिल्टरचा कापूस, त्याखाली स्पंज, तळाला घासण्या. कापूस काळा झाला की फेकून नवा घालायचा. तो तुंबला तर पाणी ट्रेच्या काठावरून निसटतं आणि खालच्या थरांना मिळतच नाही. दुकानदार कोळशाची पिशवी देईल, ती घेऊ नका; काही आठवड्यांत तिची शोषायची ताकद संपते.

सगळ्यात जास्त माशी शिंकते ती धुताना. आई, तुला स्वच्छता लागते हे माहीत आहे, पण स्पंज नळाखाली धरू नकोस. नळाच्या क्लोरीनने जिवाणू मरतात, टाकी वरून लखलखीत दिसते आणि दोन-तीन दिवसांत मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड मारायला लागतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच स्पंज दोन-तीनदा पिळायचा. तपकिरी राहिला तरी राहू दे. स्पंज आणि घासण्या एकाच दिवशी धुवायच्या नाहीत. आत्ताचा जुना स्पंजही फेकू नका, नव्याला चिकटवून सहा आठवडे ट्रेमध्येच ठेवा. त्यावरचे जिवाणू नव्यावर पसरतील.

त्या काळात आठवड्यातून दोनदा पाव टाकी, म्हणजे साधारण 15 लिटर पाणी बदला. नवं पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडं भरून ठेवा, किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब घाला. बाबा, भरलेली बादली उचलायची नाही. नळीने काढा, मगने घाला. हात घालण्याआधी पंपाचा प्लग काढा आणि वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत जाणार नाही.

खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. पाणी दुधाळ झालं तर घाबरून सगळं उपसू नका, खाणं एक दिवस बंद ठेवा. रिंगांचे पैसे वाचतील त्यातून अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं किट घ्या, तो खर्च मात्र करा. दोन्ही शून्य येईपर्यंत तिसरा मासा आणायचा नाही. खरं तर त्यानंतरही नको, या टाकीला दोनच पुष्कळ.

रविवारी किटचे रंग फोटो काढून पाठवा, मी बघून सांगते.

तुमची लेक