जहाज जपायचे तर किनाऱ्यावर

‘आयएनएस गुलदार’ ही निवृत्त युद्धनौका सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रतळाशी संग्रहालय म्हणून ठेवण्याच्या योजनेची बातमी वाचली. पर्यटनाला ती पूरक ठरेलही, पण याला जतन म्हणता येणार नाही. खाऱ्या पाण्यात पोलाद गंजणारच. १९९७ मध्ये निवृत्त झालेली ‘विक्रांत’ मुंबईत संग्रहालय म्हणून तरंगत ठेवली गेली. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून ती बंद झाली आणि पुढे भंगारात निघाली. ‘विराट’साठी तर याच निवतीजवळच्या ८५२ कोटींच्या प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजुरी दिली होती. ती नौका शेवटी अलंगला तोडली गेली! याउलट विशाखापट्टणमने ‘कुरसुरा’ पाणबुडी सरळ किनाऱ्यावर ओढून घेतली. २००२ पासून लोक तिकीट काढून तिच्या आत फिरून येतात.

पुढची निवृत्त नौका मुंबई परिसरात जमिनीवर आणावी आणि तिच्या देखभालीची वार्षिक तरतूद उद्घाटनाआधीच अर्थसंकल्पात दाखवावी. नाशिकच्या शाळांच्या सहली मुंबईला जातातच; त्या मुलांना समुद्रतळाशी कोण नेणार?

— एक वाचक, नाशिक