बर्नच्या ताईंना, ब्रिएन्झच्या तळ्याबद्दल

ताई, नमस्कार.

आपली ओळख म्हणजे मावसबहिणीने दिलेला तुमचा फोन नंबर. तेवढ्यावर तुम्ही आमचा स्वित्झर्लंडच्या सहलीचा कागद वाचलात आणि निम्म्या ओळींवर काट मारलीत. व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडून उरकण्यासारखे हे आभार नव्हेत, म्हणून चारचौघांत लिहितेय.

सगळ्यात मोठी काट युंगफ्राउयोखवर होती, म्हणजे रेल्वेने जाता येणाऱ्या त्या बर्फाळ खिंडीवर. स्वित्झर्लंडला जाऊन तिथे नाही गेलात, असं लोक विचारणारच! पण तुम्ही म्हणालात, ‘बाबांची अँजिओप्लास्टी झालीय ना? ३,४५४ मीटरवर हवा विरळ असते, आधी डॉक्टरांना विचारा.’ डॉक्टर नको म्हणाले. बाबा दोन दिवस रुसले, ते सोडा.

त्याऐवजी तुम्ही आम्हाला इंटरलाकेन ओस्टहून ब्रिएन्झच्या बोटीत बसवलंत. सव्वा तासाचा संथ प्रवास, दोन्हीकडे डोंगर, आणि पाण्याचा तो रंग! फोटोत खोटा वाटतो. लेकीने रंगाचं कारण विचारलं, तर तुम्ही चक्क तिच्यासाठी व्हॉइस मेसेज पाठवलात: हिमनद्या खडक घासतात, त्याची पिठासारखी भुकटी आरे आणि ल्युचिने नद्यांतून तळ्यात येते, पाण्यात तरंगत राहते आणि उजेड विखुरते. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हेच ऐकवते.

वाटेत गीसबाखच्या धबधब्याला उतरायला सांगितलंत, तेही बरं झालं. धक्क्यापासून वर नेणारी ती १८७९ची छोटी रेल्वे नसती, तर आईंचे गुडघे धबधब्यापर्यंत पोचलेच नसते. पोरं पाण्याच्या पडद्यामागच्या वाटेवरून ओलीचिंब होऊन आली. आई-बाबा बाकावर बसून होते, कुणी ‘चला, चला, बस सुटेल’ म्हणत नव्हतं. तीन दिवसांत अख्खा देश उरकणाऱ्या सहलींना हे सुख परवडत नाही, असं माझं मत झालंय.

पैशांचंही तुम्हीच बघितलंत. मोठ्यांनी हाफ फेअर कार्ड काढलं आणि फॅमिली कार्डावर मुलं आमच्याबरोबर फुकट फिरली. बोटीचं भाडंही निम्मंच. रविवारी दुकानं बंद, दूध-दही शनिवारीच आणून ठेवा, हेसुद्धा तुम्ही आठवणीने कळवलंत.

लाउटरब्रुनेनला ढगांमुळे श्टाउबाखचा वरचा भाग दिसलाच नाही. जवळजवळ ३०० मीटरचा धबधबा, आणि आम्हाला त्याचे पायच दिसले. पण त्याच दिवशी ट्रुमेलबाखला धाडलंत, तिथे पाणी डोंगराच्या पोटातच कोसळतं, त्यामुळे ढगांचा प्रश्नच नव्हता. आत लिफ्ट आहे हे कळल्यावर आईसुद्धा आल्या.

ताई, माझी नणंद मे महिन्यात निघतेय, तिला तुमचा नंबर दिलाय. ती युंगफ्राउयोखला जाणारच म्हणते. तब्येत ठणठणीत आहे, जाऊ दे तिला. फक्त तिकीट काढण्याआधी तिथल्या वेबकॅमवर ढग आहेत का ते बघायला तिला तुम्हीच सांगा. आमचं ती ऐकत नाही.

तुमची,
पुण्याची वहिनी