जिप्सीच्या दारांचे पॅनेल घरीच बदल, दुकानात पैसे घालवू नकोस

प्रिय मित्रा,

तुझे फोटो बघितले. दाराचा पुठ्ठा खालून फुगलाय, रेक्झिन सुटून लोंबतंय आणि अ‍ॅक्सेसरीजवाल्याने पूर्ण इंटिरियरचा जो आकडा सांगितलाय तो ऐकून मला खरंच राग आला. अरे, तेवढ्यात चार चांगले टायर येतील. मारुतीच्या जिप्सी किंगचे पॅनेल जवळजवळ सपाट असतात, आतला हार्डबोर्ड (म्हणजे तो पुठ्ठाच) काढून नवीन शीट कापायचं आणि वर रेक्झिन चिकटवायचं, हे घरी बसून होणारं काम आहे. माझ्या गाडीचं मी असंच केलंय आणि दोन पावसाळे ताम्हिणी घाटात फिरूनही एक कोपरासुद्धा उचललेला नाही.

पण आधी पुठ्ठा का सडला ते बघ, नाहीतर नवीन पण सडेल. काचेच्या रबरामधून पाणी दारात जातंच, कुठल्याही गाडीत जातं, ते खालच्या भोकांमधून बाहेर पडायला हवं. ती भोकं चिखलाने बुजतात. आणि पॅनेलच्या मागे जो प्लॅस्टिकचा कागद असतो तो कुठल्यातरी मेकॅनिकने काच दुरुस्त करताना फाडून फेकलेला असतो, मग पाणी थेट हार्डबोर्डवर. माझं ठाम मत आहे की सगळ्या कामात हा कागदच सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच सगळ्यात स्वस्त! जाड पॉलिथिन घे, चारही बाजूंनी ब्युटाइल टेपने (रबरासारखी चिकट पट्टी) चिकटव आणि खालची कड दाराच्या आत वळव म्हणजे ओघळ आतच राहतो. त्याआधी आतला गंज तारेच्या ब्रशने खरवडून प्राइमर मार.

पॅनेल काढताना घाई करू नकोस. काच वरखाली करायच्या हँडलमागे तारेची क्लिप असते, तिथे जुनं फडकं घालून दोन्ही हातांनी इकडून तिकडे ओढलं की क्लिप टुणकन उडते, ती कुठे पडते ते बघून ठेव. आर्मरेस्टचे स्क्रू काढ, मग पातळ पट्टीला टेप गुंडाळून एकेका क्लिपच्या अगदी जवळून उचकट. मधूनच खेचलंस तर पुठ्ठा फाटेल, आणि जुना पॅनेल कितीही कुजलेला असला तरी तोच आपला साचा आहे, त्यामुळे सगळं काम होईपर्यंत फेकायचा नाही. प्लॅस्टिकच्या क्लिपा मोडणारच, नवीन पाकीट आणून ठेव. पुण्यात नाना पेठेत मिळतात, तुझ्याकडे कुठल्याही जुन्या स्पेअर पार्टवाल्याकडे एक नमुना घेऊन जा.

आता शीट कुठलं. बरेच जण मरीन प्लाय सुचवतात, चांगलाच आहे, पण बाजारात सहज मिळतो तो चार मिलिमीटरचा, त्यावर फोम आणि रेक्झिन आलं की काचेचं हँडल दांड्यावर पुरेसं आत बसत नाही आणि क्लिपांची पकड पण कमी पडते. मी तीन मिलिमीटरचं एसीपी (अ‍ॅल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल) वापरलं, दुकानांच्या बोर्डांना लावतात तेच. दोन बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि मध्ये प्लॅस्टिक, पाणी पीत नाही, जिगसॉने मस्त कापलं जातं, आणि साइनबोर्डवाल्यांकडे उरलेले तुकडे पडलेले असतात, ते अगदी स्वस्तात देतात. कडा मात्र कानसीने घासून घे, हात कापतो. क्लिपांची भोकं जुन्या पॅनेलवरूनच उतरव, अंदाजाने मारायची नाहीत, दोन मिलिमीटर सरकलं तरी पॅनेल बसत नाही. मागच्या बाजूला फेल्टच्या पट्ट्या चिकटव नाहीतर कच्च्या रस्त्यावर खडखड करेल.

फोम लावायचाच असेल तर स्पंज नको, तो पाणी धरून ठेवतो, बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, पातळ ईव्हीए फोम घे. चिकटवायला पांढरा फेविकॉल चालणार नाही, उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते म्हणून उष्णता सहन करणारा रबरबेस्ड घे, मी फेविकॉल हीटएक्स वापरला. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावायचा, बोटाला चिकटेनासा झाला की मगच जोडायचं, मधून सुरुवात करून कडेकडे दाबत जायचं. एकदा बसलं की हलत नाही त्यामुळे वहिनींना एक टोक धरायला सांग. कोपऱ्यावर रेक्झिनला व्ही आकाराचे काप दे आणि हेअर ड्रायरने गरम करून ओढ. फॅन्सी डायमंड शिलाई वगैरे नको रे, त्या शिलाईच्या भोकांत पाणी आणि धूळ जाते. साधं काळं किंवा मूळचं राखाडी रेक्झिन १९९६ साली आलेल्या या मॉडेलला जास्त शोभतं, आणि कंपनीने आता सामान्य ग्राहकांसाठी बनवणंच थांबवलंय तर आहे ती गाडी ओळखू येईल अशीच ठेवूया.

मागच्या बाकांच्या बाजूचे पॅनेल मोठे आहेत पण सोपे, हँडल नाही काही नाही. तिथे रेक्झिनही लावू नकोस, सामान आणि चिखलाचे बूट घासतात, एसीपीच नुसतं मॅट काळं रंगव.

तू दारं उघडलीस की खालच्या कडेचा फोटो पाठव, गंज आरपार असेल तर आधी पत्रेवाल्याकडे न्यावं लागेल. माझ्या दारांचे कागदी साचे गुंडाळून ठेवलेत, कुरिअर करतो, पण कापायच्या आधी तुझ्या जुन्या पॅनेलवर ठेवून ताडून बघ.

तुझाच,
पुण्याचा मित्र