आप्पांच्या माळ्यावरच्या ट्रंका

प्रिय बंड्या,

गणपतीपासून माझं पत्र नाही, शिव्या घालशील, घाल. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच. आज लिहितोय ते अशासाठी, की ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगितली तर 'रद्दीत काय एवढं?' म्हणेल.

आप्पांच्या दुकानाचा माळा उपसला. गुळाच्या ढेपांमागे कुठल्याशा फिरत्या नाटक कंपनीच्या ट्रंका निघाल्या. बहुधा उधारीपोटी ठेवून घेतलेल्या. आत पदांच्या पुस्तिका, तबकड्या, जरीचा शालू, हँडबिलांचा गठ्ठा. बाजूला फाटक्या भात्याचा ऑर्गन.

एका हँडबिलावर 'संयुक्त मानापमान' आहे, दोन कंपन्यांनी मिळून केलेला 'मानापमान' नाटकाचा प्रयोग! वरचा कोपरा कसरीने खाल्लाय, त्यात सालच गेलं. उरलंय ते 'शुक्रवार ता. ८ जुलै', बालीवाला थिएटर, नायिका भामिनी बालगंधर्व, नायक धैर्यधर केशवराव भोसले. नाटक रंगभूमीवर आलं १९११ ला, तुझे केशवराव गेले ऑक्टोबर १९२१ मध्ये. मधल्या वर्षांत ८ जुलैला शुक्रवार फक्त १९२१ लाच येतो. टिळक स्वराज्य फंडासाठी झाला तोच प्रयोग. त्या रात्री कोण वरचढ ठरलं हा आपला जुना वाद इथे उकरू नकोस, माझं मत बदललेलं नाही.

कागद अस्सल की पुढे कुणी छापून घेतला, हा खरा प्रश्न. खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांची छपाई असेल तर पाठीमागून बोट फिरवल्यावर अक्षरांचा दाब लागतो, आणि भिंगातून अक्षराच्या कडेला शाई जरा गोळा झालेली दिसते. ऑफसेट असेल तर पाठ सपाट आणि फोटोत ठिपके. मला दाब लागतोय, पण तुझं बोट माझ्याहून तयार आहे.

आता काळजीचं. आप्पांचा पुतण्या हे सगळं 'चकाचक' करून विकायला निघालाय. हँडबिलं लॅमिनेट करणार म्हणतो. एकदा गरम प्लास्टिक कागदाला चिकटलं की कागद फाडल्याशिवाय सुटत नाही. फाटक्या जागी सेलोटेप तर नकोच. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो. नुसती मऊ ब्रशने धूळ झाडायची, ६०० डीपीआयला स्कॅन करायचं आणि आम्लविरहित कागदात आडवं ठेवायचं. बस्स.

तबकड्यांसाठी त्याने स्पिरिटची बाटलीच आणून ठेवलीय! अरे, त्या लाखेच्या. सुतार पॉलिशसाठी लाख विरघळवतो ती स्पिरिटमध्येच. एक बोळा फिरवला की खाचा गुळगुळीत आणि तीन मिनिटांचं पद कायमचं गेलं. डिस्टिल्ड पाण्यात साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं, खाचांच्या दिशेने हलकेच, लेबलला पाणी न लावता. पाण्यात बुडवायच्या नाहीत. वाळल्या की उभ्या ठेवायच्या. एकावर एक रचल्या तर खालच्या तडकतात. वाजवायच्या तर मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई हवी. एलपीची सुई बारीक, ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि आवाजापेक्षा खरखर जास्त येते.

शालूची जर जुन्या घड्यांवर तुटायला लागलीय. तो घडी न घालता धुतलेल्या मलमलीत गुंडाळून नळीवर घ्यायला हवा. प्लास्टिकची पिशवी नको, आत दमटपणा कोंडतो. ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडलाय, पण भाता नवा बसवता येतो. त्याच्या पितळी स्वरपट्ट्या कुणी पॉलिशपेपरने घासू नयेत एवढंच, घासलं की स्वर सरकलाच.

आणि ट्रंका फोडून सुटं सुटं विकू नये. हँडबिलं एकीकडे, तबकड्या दुसरीकडे गेल्या की कंपनी कोणती, मुक्काम कुठले, हे पुन्हा जुळवता येणार नाही. कुठली वस्तू कुठल्या ट्रंकेत होती ते मी चिठ्ठ्या लावून लिहून ठेवतोय.

माझं तो ऐकत नाही. 'काका, तुम्ही जुन्या वळणाचे' म्हणतो. तुझं ऐकतो, कारण त्याच्या बारशाला पेढे तू वाटलेस! पत्र मिळाल्यावर लगेच फोन कर त्याला. आधी स्पिरिटचं सांग, बाकी नंतर.

बदलीचं काय झालं? चिंगीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार. येताना तुझं मोठं भिंग आण, माझ्याचा दांडा तुटलाय.

तुझा,
विन्या