सातपुड्यातील आरोग्य केंद्राच्या सिस्टरांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

सौरऊर्जेवर चालणाऱ्या लसींच्या फ्रीजवरील माझा प्रबंध नुकताच विद्यापीठात सादर झाला. प्रबंधातील ऋणनिर्देशात तुमच्या वाट्याला एकच ओळ आली, कारण तिथली रीतच तशी असते. मात्र या कामातील दोन महत्त्वाच्या निष्कर्षांची सुरुवात तुमच्यापासून झाली आहे आणि ते सर्वांसमोर सांगणे माझे कर्तव्य आहे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

या प्रकल्पात आम्ही तिघे होतो. सौरपॅनेल आणि कॉम्प्रेसर माझ्याकडे, नियंत्रकातील अल्गोरिदम संगणकशास्त्रातील सहकारी मैत्रिणीकडे आणि लसींची वैद्यकीय बाजू सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या एका डॉक्टरांकडे. बॅटरी न वापरता थेट उन्हावर कॉम्प्रेसर चालवायचा, दिवसा आतल्या कप्प्यात बर्फ साठवायचा आणि रात्रभर त्याच बर्फावर तापमान २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राखायचे, अशी ही रचना. फ्रीज तुमच्या केंद्रात आणला तेव्हा चाचणीच्या काळात त्यात मुलांची एकही लस ठेवायची नाही, पाणी भरलेल्या व्हायलच (लसीच्या छोट्या बाटल्या) ठेवायच्या, ही अट तुम्ही आमच्या डॉक्टरांच्याही आधी घातलीत. आमची परवानगीपत्रे तुम्ही त्यानंतर वाचलीत. तो क्रम मला आजही योग्य वाटतो.

हिपॅटायटिस-बी लसीच्या मुदत संपलेल्या दोन व्हायल तुम्ही आम्हाला दाखवल्यात, तो प्रसंग प्रबंधात यायला हवा होता. दोन्ही एकाच बॅचच्या. एक तुम्ही रात्रभर डीप फ्रीझरमध्ये गोठवून नंतर वितळू दिलेली आणि दुसरी कधीच न गोठलेली. दोन्ही हलवून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्यात. थोड्याच वेळात गोठलेल्या व्हायलमध्ये पांढरे कण तळाशी बसू लागले आणि वर नितळ पाणी दिसू लागले. दुसरी तशीच एकसारखी गढूळ राहिली. या लसीतला उपयोगाचा घटक अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराला धरून असतो आणि गोठताना ती घडण मोडून त्याच्या गुठळ्या होतात. व्हायलवरचा रंग बदलणारा चौकोन फक्त उष्णतेची नोंद ठेवतो, गोठल्याचे त्याला कळतच नाही, हेही तुम्हीच लक्षात आणून दिलेत. ही लस उणे ०.५ अंशाच्या आसपास गोठते. म्हणजे भर दुपारी कॉम्प्रेसर पूर्ण जोरात असताना बर्फाच्या भिंतीला लागून ठेवलेली लस सर्वांत जास्त धोक्यात असणार. तोवर नियंत्रकाचा सारा भर उन्हातून जास्तीत जास्त वीज मिळवण्यावर होता. त्यानंतर खालच्या तापमानाची मर्यादा त्याच्या प्राधान्यक्रमात सर्वांत वर आली आणि बर्फाचा कप्पा लसीच्या कप्प्यापासून वेगळा झाला.

दुसरी गोष्ट तुमच्या तापमान नोंदवहीची. सकाळ-संध्याकाळचे तापमान लिहिणे हा नियमच आहे, आणि तुम्ही तो रविवारी व सणावारीही पाळलात. परंतु शेऱ्याच्या रकान्यात तुम्ही जे लिहीत होतात, ते कोणत्याही नियमात नव्हते. पाट्या (सौरपॅनेल) पुसल्या, दुपारनंतर ऊन-सावली, लसीकरणाचा दिवस म्हणून झाकण वारंवार उघडले, अशा त्या नोंदी. हिवाळ्यात अगदी निरभ्र दिवसांतही दुपारनंतर वीज एकाएकी घटून तशीच कमी राहत होती आणि मोजमापांवरून दोष नियंत्रकाच्या जोडणीत आहे असे वाटत होते. तुमच्या वहीत त्या दिवसांपुढे लिहिले होते, साडेतीननंतर टाकीची सावली.

पॅनेलमधून सर्वांत जास्त वीज कोणत्या व्होल्टेजवर मिळते हे शोधताना नियंत्रकाचा अल्गोरिदम अंधारात टेकडी चढणाऱ्या माणसासारखा चालतो. व्होल्टेज थोडे बदलून पाहतो. वीज वाढली तर त्याच दिशेने पुढे जातो, घटली तर मागे फिरतो. पॅनेलवर सगळीकडे सारखे ऊन असते तेव्हा शिखर एकच असते आणि ही युक्ती पुरते. पण काही भागावर सावली पडली की एकाऐवजी दोन-तीन शिखरे तयार होतात, आणि अल्गोरिदम हाताशी आलेल्या छोट्या शिखरावरच थांबतो. सूर्य दक्षिणेकडे झुकतो त्या महिन्यांत पाण्याच्या टाकीची सावली पाट्यांवर पोहोचत होती. ती ओळ वाचल्यावर मैत्रिणीने अल्गोरिदममध्ये ठरावीक अंतराने व्होल्टेजचा संपूर्ण पल्ला तपासण्याची पायरी घातली. पॅनेलही हलवता आले असते. पण डोंगरातल्या प्रत्येक केंद्रात ती मोकळीक असेलच असे नाही.

अशा नोंदींना संशोधनात ‘क्षेत्रीय सहकार्य’ म्हणून मोकळे होण्याची पद्धत आहे आणि ती मला मान्य नाही. काय लिहून ठेवण्याजोगे आहे हे ओळखणे हेच निरीक्षण, आणि ते बाळंतपणे, ओपीडी आणि पाड्यांवरच्या फेऱ्या सांभाळून तुम्ही केलेत.

प्रबंधातील या दोन निष्कर्षांच्या प्रकरणांचा मराठी मसुदा टपालाने पाठवत आहे. रुग्णांचा कोणताही तपशील नसलेली तुमच्या वहीची काही पाने परिशिष्टात, तुमच्या नावानिशी, छापण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. मसुद्यात काही चुकले असेल तर समासात निःसंकोच लिहावे. दुरुस्त्या करूनच तो पुढे छापायला जाईल.

आपला कृतज्ञ,
सौरशीतकरणाचा एक संशोधक विद्यार्थी