डांगराच्या बिया फेकून देऊ नका

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

गेल्या शनिवारच्या बाजारात मी डांगराची, म्हणजे लाल भोपळ्याची, फोड घेतली तर मावशींनी सुरीनं मधला गर बियांसकट खरवडून खालच्या बुट्टीत टाकला, मी म्हटलं तेवढं पण द्या की, तर म्हणाल्या काय करताय घेऊन, म्हसरांना जाईल ते. तिथनं गणपती पेठेत आले तर दुकानात ह्याच बिया सोलून हिरव्यागार पाकिटात, बदामाच्या शेजारी! लोक पंपकिन सीड्स म्हणून महागडं पाकीट घेतात आणि घरी डांगर चिरलं की बिया कचऱ्याच्या डब्यात. मला ह्याचं फार वाईट वाटतं म्हणून लिहितेय.

सोललेल्या १०० ग्रॅम बियांत जवळपास ३० ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे आपल्या शेंगदाण्यापेक्षा पण जास्त. मॅग्नेशियम ५०० मिलिग्रॅमच्या वर, झिंक ७-८ आणि लोह ८-९ मिलिग्रॅम. अर्थात कोणी १०० ग्रॅम खात नाही आणि खाऊ पण नये, तेल भरपूर असतं, साडेपाचशेच्या वर कॅलरी होतात. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम पुरे, त्यात ९ ग्रॅम प्रोटीन मिळतं. लोह मात्र अडीच मिलिग्रॅमच, आणि बाईमाणसाला दिवसाला २९ लागतं, त्यामुळं हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून बियांवर राहू नका. माझ्या मुलीचं ९ वर आलं होतं तेव्हा गोळ्या चालूच ठेवल्या, वर जेवणात बियांची चटणी आणि लिंबाची फोड. लिंबू ह्यासाठी की बियांतल्या फायटेट नावाच्या घटकामुळं लोह अंगी लागायला अडचण होते, सी व्हिटॅमिननं ते जरा सोपं होतं.

करायचं काय, तर गर धुवून काढायचा, बिया दोन-तीन दिवस उन्हात खडखडीत वाळवायच्या, मग लोखंडी तव्यावर मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायच्या. वरचं पांढरं साल नखानं निघतं, वेळखाऊ काम आहे खरं, पण आमची आजी वाळव्याकडं दुपारी पोरांना गोळा करून हेच करायला बसवायची. मग लसूण, तिखट, मीठ घालून खलबत्त्यात कुटायचं, गरम भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. पोरांना डब्यात तासगावचा बेदाणा घालून दिल्या तरी आवडीनं खातात. अगदी लहान लेकरांना मात्र अख्ख्या देऊ नका, घशात अडकतात, कूट करून द्या. आणि डांगर कडू लागलं तर सगळंच टाकून द्यायचं, बिया पण, कडूपणा विषारी असतो.

आता नवरात्र जवळ आलंय. नऊ दिवस बायका साबुदाण्यावर काढतात, त्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच, नुसता स्टार्च, मग चौथ्या-पाचव्या दिवशी चक्कर येते. डांगर उपवासाला चालतं, घरोघरी भाजी होते, तर त्याच्याच बिया भाजून खिचडीवर घालायला काय हरकत आहे? घट बसायच्या आधी हे पत्र छापलंत तर बरं होईल, म्हणजे बाजारात फोड घेताना बायका बिया मागून घेतील.

आपली एक वाचक,
विश्रामबाग, सांगली